गाठीची उशी

चर्चमधली उपासना संपली, आशीर्वाद झाला, लोक छत्र्या-पिशव्या गोळा करायला लागले, एवढ्यात पाळकसाहेबांनी हात वर केला.

"एक राहिलंच," ते म्हणाले. "बायकांच्या एकांताची तयारी या वर्षी धाकट्या वहिनी बघतील. थोरल्या ताईंनी इतकी वर्षं सगळं ओढलं. आता त्यांनाही जरा विसावा मिळू दे."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्यानं थोरलीनंच वाजवल्या. तळहात लाल होईतो वाजवल्या. विसावा म्हणे! न मागता मिळालेला विसावा म्हणजे गोड हसून उघडून धरलेलं दार, आणि तेही बाहेर जायचं.

शेजारच्या बाकावर धाकटी गोरीमोरी झाली. "अगंबाई, मला कुठे जमणार!" म्हणाली. तिच्या त्या न जमण्यावरच सगळ्या जणी भाळल्या. थोरलीला मात्र आजवर सगळं जमत आलं होतं, आणि जमणाऱ्या माणसाचं कौतुक कोण करतं? विहिरीला पाणी आहे म्हणून कुणी तिला हार घालत नाही.

दोघी एका घरच्या सुना, एका जिन्याच्या वरखालच्या. खाली थोरलीचं गाद्या-उशांचं दुकान आणि त्यामागे तिचं घर; वर धाकटी. अर्धी गल्ली थोरलीच्या टाक्यांवर झोपायची. धाकटी इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. जावा जावा, उभा दावा असं जग म्हणतं. पण यांच्यात दावा म्हणावा असं काही नव्हतं. दाव्याला दोन बाजू लागतात. इथे दोन्हीकडची वकिली एकटी थोरलीच करायची, आणि निकालही दर वेळी तिच्याच विरुद्ध लागायचा.

एकांत म्हणजे मंडळीतल्या बायकांचं वर्षातून एकदाचं माहेर. गावापासून दूर, झाडांत, तळ्याकाठी जायचं आणि मौन धरायचं. प्रार्थना करायची ती मनात, गायचं ते मनात, आणि भांडायचं झालं तर तेही मनातच. पण बोलणं बंद म्हटल्यावर पाणी कोण मागणार, शाल कोण मागणार? म्हणून या मंडळीत एक रीत पडली होती. प्रत्येकीला एक सोबतीण. सोबतिणीनं मागायची वाट बघायची नाही, विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि करायचं. चष्मा हरवला की शोधून हातात द्यायचा, डोळे भरले की रुमाल ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. जोड्या लावणार ती तयारी करणारी. आणि तयारी करणारी आजवर थोरली, म्हणून पाळकसाहेबांच्या बायकोची, पाळकीणबाईंची सोबतीण आजवर थोरली.

तेच तर तिचं धन होतं. सगळ्या मंडळीला हवी असलेली बाई, जिच्याभोवती रविवारी मधमाश्यांचं मोहोळ उठायचं, ती एकांतात तिच्या एकटीची असायची. पेला भरून ठेवला की पाळकीणबाई मान लववून हसायच्या. त्या हसण्यावर थोरलीचं वर्ष निघायचं.

आता जोड्या धाकटी लावणार. आणि ती काय खुळी आहे, पाळकीणबाईंना दुसऱ्या कुणाला द्यायला?

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन थोरलीनं एका फाटक्या गादीचं पोट उसवलं आणि आतला कापूस काठीनं झोडपायला घेतला. हात चालू झाले की तिच्या तोंडी आपोआप ओळी यायच्या, तशा आल्या:

*कापूस पिंजते, पिंजते मन बाई,*
*गाठ ती राहते, हाताला येत नाही.*

"ताई, आहात ना?" जिन्यावरून आवाज आला आणि मागून धाकटीही. अंगावर अजून ड्यूटीचे कपडे, केसांची एक बट सुटलेली. "रागावला नाहीत ना?"

"रागवायला मी कोण? तू कारभारीण आता."

"चेष्टा करता होय गरिबाची! मला काही म्हणजे काही कळत नाही त्यातलं. चला ना माझ्याबरोबर जागा बघायला. तुम्ही नसलात तर मी सगळ्यांना तळ्यात नेऊन झोपवीन."

"पाळकसाहेबांना कळतं ना सगळं? त्यांना ने."

"ते नुसतं झाड बघून आमेन म्हणतील हो," धाकटी म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. थोरलीलाही हसू येत होतं. तिनं ते दातांखाली दाबलं, सुई दाबतात तसं.

"आणि उशा तुमच्या हाताच्याच हव्यात," जाता जाता धाकटी म्हणाली. "सगळ्यांच्या. माझी कशीही चालेल. मी काय, टेकले की झोपले. परवा वॉर्डातल्या स्टुलावर झोपले, पेशंटच्या आईनं उठवलं."

हेही थोरलीच्या जिव्हारी लागलं. गल्लीला झोप शिवून देणारी ती, तिच्या डोळ्याला डोळा लागताना मारामार. आणि ही बया स्टुलावर झोपते! कशीही चालेल म्हणते ना? बघू.

सगळ्यांच्या उशांत तिनं नवा, फुललेला कापूस भरला. पाळकीणबाईंच्या उशीत तर असा भरला की हात ठेवला तर हातालाच पेंग यावी. आणि धाकटीच्या उशीत भरल्या त्या फाटक्या गादीच्या कोपऱ्यातल्या वर्षानुवर्षांच्या गाठी, काठीला न जुमानलेल्या, सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या. वर चढवला दुकानातला सगळ्यांत देखणा अभ्रा: निळा, बारीक पांढऱ्या फुलांचा. शंका यायला नको.

जागा बघायला दोघी बसनं गेल्या. उतरून पायवाट, मग झाडी, मग झाडांच्या फटीतून एकदम तळं. पाणी असं निवांत पडलेलं, जणू कुणी आत्ताच त्याच्यावर चादर ओढून गेलंय. काठावर लांबट कौलारू घर, पुढे ओसरी, ओळीनं खोल्या. थोरलीच्या छातीत काहीतरी सैल झालं. तिनं ते लगेच आवळलं.

"पाणी फार शांत आहे," ती म्हणाली. "डास असणार."

"जाळ्या आहेत खिडक्यांना."

"झाडं फार उंच आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे... उंच आहेत."

धाकटीनं मुकाट मान वर केली, झाडं बघितली. "आहेत खरी," म्हणाली.

ओसरीवर बसून तिनं आपला बेत सांगितला. बेत कसला, बेत नसणं हाच बेत. थोरलीच्या एकांतात घंटा असायची: उठायची, प्रार्थनेची, मननाची, फिरण्याची, फिरून येण्याची. बायका घरी परतल्या की दोन दिवस अंग धरून पडायच्या.

"घंटा नकोच म्हणते मी," धाकटी म्हणाली.

"मग उठणार कशा?"

"जाग आली की."

"आणि नाही आली तर?"

"तर देव काय छडी घेऊन उभाय, ताई? थकलेल्या लेकराला आम्हीसुद्धा औषधासाठी उठवत नाही, झोप हेच औषध म्हणतो."

थोरलीच्या मनात आलं, हे आपल्याला का सुचलं नाही? आणि सुचलं नाही याचा राग जिला सुचलं तिच्यावर निघाला.

"सोबतिणींचं मात्र तुम्हीच सांगा हं," धाकटी पुढे म्हणाली. तिनं चप्पल काढून पाय गवतावर ठेवले होते. "पाळकीणबाईंना कोण द्यावी? म्हणजे, मला खरं तर या वर्षी वाटत होतं, की..." आणि ती थांबली. कानापर्यंत लाल झाली. गवताची काडी तोडून बोटाला गुंडाळत बसली.

वाक्य अर्धंच राहिलं. पण थोरलीनं ते आपल्या मनात पुरं करून टाकलं. की मीच त्यांची सोबतीण व्हावं! हेच ना? लाजतेय बघा कशी. थोरलीच्या तोंडात शब्द आयते आले. मत्सराला शब्द शोधावे लागत नाहीत, ते दाराशीच बसलेले असतात.

"पाळकीणबाईंना सोबतीण नकोच असते," ती म्हणाली. "एकटं राहायचं असतं त्यांना. बोलून दाखवत नाहीत बिचाऱ्या."

"खरंच?"

"मी एवढी वर्षं सोबत केली. मला नाही कळणार?"

मला नाही तर तुलाही नाही. तळ्यावर कुठलासा पक्षी उतरला, पाण्याला एक घडी पडली आणि मोडली. खोटं बोलून झाल्यावर थोरलीला वाटलं होतं, बरं वाटेल. तेवढं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एके दुपारी दुकानाच्या पायरीवर पाळकीणबाई उभ्या. किडकिडीत बाई, कुणी बोलायला लागलं की मान किंचित कलती करून ऐकण्याची सवय. ती मान आता कायमचीच कलली होती. थोरलीनं घाईघाईनं स्टूल पुसलं, पाण्याचा पेला भरून आणला. पाळकीणबाईंनी पेल्याकडे बघितलं आणि फस्सकन हसल्या.

"कसं कळलं हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला एकटं राहायचं होतं ते. धाकट्या वहिनी विचारायला आल्या, तर मी रडलेच त्यांच्यापुढे. घरी दार वाजलं की मी उठते. फोन वाजला की उठते. कुणाचं काय, कुणाचं काय. वर्षात तेवढे दोन दिवस वाटायचं, आपल्याकडे कुणी बघू नये. आणि तुम्ही तर..." त्या पुन्हा हसल्या, आता डोळ्यांत पाणी होतं. "इतक्या मायेनं पेला ठेवायच्यात! मी तो प्यायचे. रिकामा झाला की तुम्ही पुन्हा भरायच्यात. मी पुन्हा प्यायचे. मौनात 'पुरे' म्हणायची सोय कुठे?"

थोरलीच्या हातात दाभण होतं. ते तिनं गादीत रुतवलं.

"मी म्हटलं वहिनींना, देवानंच तुम्हाला सुचवलं. तर म्हणाल्या, माझं नाही हो, ताईंनी ओळखलं. म्हणून आले. तुम्हीच ओळखलंत म्हणजे... फार मोठं मन लागतं हो त्याला." आणि थोरलीचा हात क्षणभर आपल्या हातात धरून त्या गेल्या.

पेला भरलेलाच राहिला.

अंधारात दगड भिरकवावा आणि त्यानं झाडावरचं पिकलं फळ दुसऱ्याच्या ओटीत पडावं, तसं झालं होतं. जे हसणं तिनं वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं, ते एका सभ्य बाईचं 'पुरे' होतं. थोरलीला लाज वाटली, रडू आलं, पण सगळ्यांच्या वर तरंगून आला तो पुन्हा धाकटीचाच राग. श्रेयसुद्धा देऊन टाकलं मेलीनं! तेवढं तरी स्वतःकडे ठेवायचं. चिडायला काही उरलं असतं.

निळी उशी गठ्ठ्यात सगळ्यांत वर होती. उसवून भरायला कितीसा वेळ? थोरलीनं हात पुढे केला, मग मागे घेतला. गठ्ठा तसाच बांधला.

एकांताच्या दिवशी दुपारची जेवणं उरकली आणि बायका ओसरीवर जमल्या. गप्पांचा नुसता बाजार. मौन लागायच्या आधी वर्षभराचं बोलून घ्यावं तशी घाई. धाकटीनं एकेक जोडी सांगितली. पाळकीणबाईंना तळ्याकडची कोपऱ्यातली खोली, एकटीला. त्या एखाद्या परकरी पोरीसारख्या हरखल्या.

"आणि ताईंची सोबतीण," धाकटी म्हणाली आणि त्या दिवशीसारखीच कानापर्यंत लाल झाली, "मी. गेल्या वर्षीच मागणार होते त्यांना. पण त्या तेव्हा पाळकीणबाईंच्या होत्या ना. आणि मागे इथेच सांगणार होते, तर लाज वाटली. म्हटलं, नको म्हणाल्या तर?"

थोरलीनं तोंड उघडलं. अगं, मी... पण पाळकीणबाईंनी मेणबत्तीला काडी लावली. ज्योत उभी राहिली, आणि मौन लागलं. उघडलेलं तोंड तिला मिटावं लागलं.

खोलीत दोन खाटा. एकीवर साधी पांढरी उशी, एकीवर निळी. धाकटीचे डोळे जागरणानं लाल होते. आठवडाभर तिनं दुहेरी पाळ्या केल्या होत्या, ही सुट्टी मिळावी म्हणून. तरी ती आधी थोरलीच्या खाटेशी आली. पाण्याचा पेला ठेवला. पायाशी शाल ठेवली. मग खिडकीपाशी जाऊन पडदा नेमका एवढा ओढला की उजेडाची तिरीप थोरलीच्या डोळ्यांवरून उतरून भिंतीवर गेली. उजेडात आपल्याला झोप लागत नाही हे थोरलीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. हिला कसं कळलं? वरच्या मजल्यावरून ही काय काय ऐकत असते, कुणाच्या येरझाऱ्या मोजत असते?

धाकटी आपल्या खाटेकडे वळली, तशी थोरली ताडकन उठली. निळी उशी ओढली आणि आपली पांढरी तिच्या हातात कोंबली.

धाकटीनं भुवया वर केल्या. थोरलीनं मान हलवली. धाकटीनं निळी परत घ्यायला हात पुढे केला. थोरलीनं ती छातीशी धरली, पोर धरावं तशी. मग धाकटीच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उमटलं. तिनं बोटानं अभ्र्यावरच्या पांढऱ्या फुलांकडे दाखवलं. हे आवडलं होय? घ्या की, ताई! आणि मनापासून, लहान बहिणीनं रिबीन द्यावी तशी, तिनं ती देऊन टाकली.

थोरलीचा जीव कासावीस झाला. फुलांसाठी नाही गं बाई! फुलं काय करायचीत मला? पण ते सांगायला वाचा नव्हती. एका देखण्या अभ्र्यासाठी हपापलेली जाऊ, एवढंच काय ते धाकटीला दिसलं होतं. आणि तिनं ते हसून पदरात घेतलं होतं.

धाकटी टेकली आणि झोपली. खरोखर टेकली आणि झोपली. थोरली कुशीवर होऊन बघत राहिली. सुटलेली ती बट, किंचित उघडे ओठ. झोपतेसुद्धा कशी चांगली, जळ्ळं मेलं लक्षण.

कानाखाली गाठ टोचली. तिनं उशी फिरवली. त्या बाजूलाही होती. उलटी केली, तिथेही. अर्धवट काम थोरलीच्या हातून कधी झालंच नव्हतं. तिनं एक गाठ अभ्र्यावरूनच चिमटीत धरली आणि दोन बोटांनी सोडवत बसली. बाहेर तळं होतं, झाडं होती, कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई एकटी होती आणि तिला कुणी बघत नव्हतं. घंटा नव्हती.

उशाशी पेला होता, काठोकाठ भरलेला. थोरलीला तहान नव्हती. ती उठून बसली, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि थेंबही न ठेवता प्यायली.