चिखलीचा पत्ता

बुद्धरत्न वर्षातले दीडशे दिवस हॉटेलात झोपायचा. चाकणच्या एका कंपनीत तो मशीन बसवून देणारा इंजिनिअर. आज होसूर, परवा साणंद. एकाच साखळीतल्या हॉटेलांत राहून राहून त्याला गोल्ड कार्ड मिळालं होतं आणि पॉइंट एवढे साठले होते की एक खोली फुकट मिळत होती. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा त्याने ती वाकडच्या हॉटेलात त्या दोघांसाठी घेतली. चिखलीच्या घरापासून अर्ध्या तासावर.

"घर असताना हॉटेल कशाला," म्हणत आई, सोजरबाई, दोन दिवस कुरकुरली आणि तिसऱ्या दिवशी तिने जांभळी साडी इस्त्रीला दिली. वडील साहेबराव भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळचा नाष्टा हाय ना त्यात?"

दुपारी दोनला तिघं काउंटरवर पोचले. दिव्या नावाच्या मुलीने हसून स्वागत केलं, आधार कार्डं हातात घेतली आणि तिचं हसू ओसरलं.

"सर, पत्ता चिखलीचा आहे. लोकल आयडीवर आम्ही रूम देत नाही. पॉलिसी आहे."

"चार वर्षं तुमच्याकडे माझा हाच पत्ता आहे. काल कन्फर्मेशनही आलं."

"ते सिस्टिमचं झालं, सर. हे आमच्या हॉटेलचं."

त्याने मेंबरांसाठीच्या खास नंबरावर फोन लावला. अकरा मिनिटं सनई ऐकल्यावर पलीकडची बाई म्हणाली की हे हॉटेलच ठरवतं. दिव्या म्हणाली, हे हेल्पलाइनने आधी सांगायला हवं होतं. त्याने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "आता तुम्ही दोघी एकमेकींशी बोला." पलीकडून फोन कट झाला.

एव्हाना साडेतीन वाजले होते. सोजरबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, पिशवी मांडीवर. "चल की घरी," ती दोनदा म्हणाली.

शेवटी मॅनेजर निरंजन आला. आवाज अगदी मऊ. "सर, गैरसमज नको. गावातलीच कपल्स येतात, मग पोलिसांचा त्रास होतो."

"हे कपलच आहे. चाळीस वर्षांचं."

"तसं नाही सर. मॅरेज सर्टिफिकेट असेल तर मी काहीतरी बघतो."

ज्यांच्या लग्नाचा बुद्धरत्न स्वतः पुरावा होता, त्यांच्याकडे हा माणूस कागद मागत होता. सोजरबाईने पदर सावरला आणि मान फिरवली. ते पाहून साहेबराव उठले.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "हा नियम कागदावर लिहून द्या. नवराबायकोला खोली नाही, असा. खाली तुमचं नाव, सही, शिक्का."

"काका, असं लेखी देता येत नाही."

"एकतीस वर्षं युनियनमध्ये होतो मी. जे लिहून देता येत नाही त्याला आमी नियम म्हणत नव्हतो. लिहा, मी थांबतो." आणि ते काउंटरला टेकून उभे राहिले. मागे चेक-इनची रांग वाढू लागली.

निरंजन आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा खोली मिळाली होती. फक्त एक अट होती: पॉइंटवरच्या खोलीत मेंबरने स्वतः राहिलं पाहिजे. त्याच्यासाठी जादा पलंग हॉटेलवाले लावून देणार होते.

"म्हणजे यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी खोलीत?" बुद्धरत्नने कपाळावर हात मारला. "मी सही करतो आणि जातो."

"कुठं जातो," सोजरबाई उठली. "चल वर."

खोलीत साहेबराव बूट काढून टीव्हीचा रिमोट शोधू लागले. बुद्धरत्न खिडकीशी उभा राहून तणतणत तक्रारीचा ईमेल लिहीत होता. सोजरबाई खोलीभर फिरली. गादी दाबून पाहिली, छोटे साबण हुंगले, मग टेबलापुढच्या एकुलत्या एक खुर्चीपाशी थांबली.

"तिकडं लांब जातोस तवा अशीच खोली असती का?"

"सगळीकडे सेम."

"आन् जेवतोस इथंच? ह्या भिंतीकडं तोंड करून?"

तो हो म्हणाला. ती त्या खुर्चीवर जरा वेळ बसून राहिली. मग तिने पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, "ते लिव्हनं राहू दे. ये इकडं, पलंगावर बसून खाऊ तिघं."