तक्रारीचा दाखला

तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, म्हणून अर्ज नामंजूर, असं पुनर्वसन कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा शिंप्याने मान लववून त्यांचे आभारच मानले. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. सोबत आलेल्या, खालच्या मजल्यावरच्या मौनीबुवांनी हळूच त्याची बाही ओढली.

"सहा महिने या पत्त्यावर राहताय, याचा पुरावा हवा," बाई म्हणाल्या.

"घर मदत संस्थेच्या नावावर आहे, वीजही आणि पाणीही," शिंपीणबाई म्हणाल्या. "आमच्या नावावर काय असणार? लढाईतून आलो ते अंगावरच्या कपड्यांनिशी."

"म्हणून तर पुराव्याचा नववा पर्याय ठेवलाय. शेजाऱ्याने नोंदवलेली तक्रार. माणूस राहतो म्हटल्यावर त्याचा कुणाला तरी त्रास होतोच. ज्याचा कुणालाच त्रास नाही, तो तिथे राहतो कशावरून?"

मौनीबुवांना हे अगदी तर्काला धरून वाटलं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"आणि खोटी तक्रार चालणार नाही हं. निरीक्षक घरी येऊन खातरजमा करतात. पुढचे कोण?"

अर्ज शिंप्याच्या आईला बोलावून घेण्याचा होता. म्हातारी सीमेपलीकडच्या छावणीत अडकलेली. छावणी महिनाअखेरीस बंद होणार होती. ज्यांचे कागद येतील ते सुटणार, बाकीच्यांना ट्रकांत घालून आणखी लांब नेणार. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हातात नऊ दिवस होते.

"सासूला आणण्यासाठी एवढं जिवाचं रान करणारी सून मी पहिल्यांदाच बघतोय," बसमध्ये मौनीबुवा चाचरत म्हणाले.

"काका, घरात भांडायला माणूस नाही हो," शिंपीणबाई म्हणाल्या. "हे तर भांडतच नाहीत. भिंतीशी किती भांडू?"

दुसऱ्या दिवसापासून कुटुंब कामाला लागलं. शिंपी बूट घालून जिन्यावरून धाडधाड चढला-उतरला. पहिल्या मजल्यावरची नर्स दार उघडून म्हणाली, "बरं वाटलं बाई, इमारतीत माणसं राहतात असं वाटलं!" भर दुपारी दोन वाजता शिंपीणबाईंनी आणि त्यांच्या लेकीने पातेली बडवली, तर दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँडमास्तर बिगूल घेऊनच वर आले आणि पातेल्यांचा ताल सुधारून गेले. ओले कपडे मुद्दाम न पिळता वाळत घातले, तर तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी मिळालं, देवासारखे आलात."

खरं सांगायचं तर यात शेजाऱ्यांचाही दोष नव्हता. सहा महिन्यांत शिंप्याने इमारतीतल्या प्रत्येकाच्या पँटची चेन बसवून दिली होती, तीही फुकट. आता ज्याची चेन त्याने बसवली, त्याच्याविरुद्ध कुठल्या तोंडाने तक्रार करायची? शेवटी सगळं उघड सांगून बँडमास्तरांना कागद दिला, तर त्यांनी डोळे पुसत दोन पानं प्रशस्तिपत्रक लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "यावरून तर तुम्ही तिथे राहत नाही हे पक्कंच झालं."

राहता राहिले तिसऱ्या मजल्यावरचे, शिंप्याच्या बरोबर खालचे मौनीबुवा.

हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं, आणि ते उगीच नव्हतं. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण त्या समासात, पेन्सिलीने. तोंडाने कधी ब्र काढला नाही. एकदा न्हाव्याने कान कापला, तर घरी येऊन स्वतःच कापूस लावला, आणि न्हाव्याला वाईट वाटू नये म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याचकडे गेले.

त्यांनी दोन दिवस बसून तक्रार लिहिली. 'वरून कधीकधी किंचित आवाज येतो, अर्थात दोष माझ्याच कानांचा असावा. तसदीबद्दल क्षमस्व.'

"आजोबा, ही तक्रार आहे की माफीनामा?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "बरं, घेते दाखल करून. परवा निरीक्षक येतील. त्यांच्यासमोर मात्र नीट बोला. पटलं नाही तर शेरा मारून मोकळे होतात ते."

परवा म्हणजे मुदतीचा शेवटून दुसरा दिवस. निरीक्षक आले, मौनीबुवांच्या खुर्चीत बसले. समोर शिंपी, शिंपीणबाई आणि त्यांची लेक ओळीने उभी. दारात अर्धी इमारत.

"आवाज येतो?" निरीक्षकांनी विचारलं.

"तसा... म्हणजे... नाही."

"मग त्रास काय?"

मौनीबुवांनी शिंप्याकडे पाहिलं. तो मोठ्या आशेने बघत होता. काहीतरी खोटं रचावं, तर तेही सुचेना. आणि मग जे बाहेर पडलं, ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"संध्याकाळी सहाला मी वाचतो. चाळीस वर्षं वाचत आलो. ही मंडळी आल्यापासून रोज सहाच्या ठोक्याला दार वाजतं. वाटीभर सूप येतं. मग पोर येते, ती माझ्या चष्म्याशी खेळते. मग हे येतात आणि गावाकडच्या शिवणयंत्राची हकिगत सांगतात. तीच. रोज. सहा महिन्यांत माझं एक पुस्तक पुरं झालेलं नाही! आणि सुपात मीठ जास्त असतं. भयंकर जास्त असतं!"

दारातली नर्स "अगं बाई" म्हणाली. निरीक्षकांनी मात्र खूश होऊन टोपणाचं पेन उघडलं. "इतकी अस्सल तक्रार वर्षात ऐकली नव्हती," ते म्हणाले, आणि तिथेच शिक्का मारला.

सगळे गेल्यावर शिंपीणबाई दारात थांबल्या. "खरं होतं, काका?"

"खरं होतं."

"मिठाचंही?"

"मिठाचंही."

"मग सहा महिने मुकाट्याने प्यायलात कशाला? मी काय तुमची परीक्षा घेत होते?" त्या तडतडल्या. "आमच्या सासूबाई पहिल्या घोटाला वाटी आपटतात. कळतं तरी माणसाला!" आणि पाय आपटत वर गेल्या. मौनीबुवांना रात्रभर झोप लागली नाही.

दाखला मिळाला, अर्ज मंजूर झाला, म्हातारीचं नाव यादीत लागलं. पण शिक्क्यामागोमाग आदेशही आला: 'सदर तिघांनी संध्याकाळी पाच ते नऊ तक्रारदाराच्या दारापासून दोन मीटरच्या आत येऊ नये.' आता चौथ्या मजल्यावर जायचा जिना मौनीबुवांच्या दाराला चिकटूनच. पाचच्या आत घरी पोहोचलं नाही, तर कुटुंब दुसऱ्या मजल्यावर पायऱ्यांवर बसून नऊ वाजायची वाट बघायचं. कायदा म्हणजे कायदा. ज्यांना एकदा देश सोडावा लागतो, ती माणसं शिक्क्याला फार मानतात. पोर पायरीवरच गृहपाठ करायची. मौनीबुवा कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन म्हणाले, आदेश मागे घ्या. बाई म्हणाल्या, मागे घेतला तर तक्रार खोटी ठरेल, तक्रार खोटी तर दाखला खोटा, आणि म्हातारी आल्या पावली परत. मौनीबुवा परत आले. संध्याकाळी पुस्तक उघडलं, की खालून पोरीचे पाढे ऐकू यायचे, आणि ते चोरासारखे पान उलटायचे.

दोन आठवड्यांनी, संध्याकाळी साडेसहाला, म्हातारी आली. खाली गलका झाला, रडारड झाली, बिगूलही वाजला. मग दुसऱ्या मजल्यावर सगळं थबकलं.

"हे काय, थांबलात का? घर वर आहे ना?" एक खणखणीत आवाज.

"आई, नऊपर्यंत आम्हाला वर जाता येत नाही."

"माझं नाव आहे का त्या कागदात?"

"नाही, पण..."

"मग मी चालले. तीन वर्षं रांगेत काढलीत, आता जिन्यात बसायची नाही."

मौनीबुवा दार उघडून बाहेर आले, तोवर एक काटकुळी म्हातारी पत्र्याची पेटी ओढत वर पोहोचलीच होती. तिने पेटी धाडकन खाली टेकवली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सासूबाई, हेच ते," खालून सुनेचा आवाज आला. "तक्रारवाले काका."

"एवढ्याशा तोंडातून निघाली होय?" म्हातारी म्हणाली. "बरं, माझ्याबद्दल काही म्हणणं असेल, तर आत्ताच सांगून टाका. मागून कुरकुर केलेली मला खपत नाही."

मौनीबुवांनी सवयीने मान हलवली, 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"तुमची पेटी," ते म्हणाले, "माझ्या पायावर आहे."

"मग इतका वेळ गप्प का बसलात, भल्या माणसा?" म्हातारीने पेटी उचलली आणि त्यांच्याच हातात दिली. "धरा. अजून एक मजला आहे."