तुळजाबाईंशी गोड बोलायचं नाही

लातूरच्या डॉक्टरनं तुळजाबाईंच्या मोडक्या खुब्यात सळई घातली, टाके काढले आणि त्यांना किल्लारीला घरी पाठवलं, तोवर घरातलं सगळं ठीक होतं. म्हणजे सून महानंदा भांडी आदळत होती, मुलगा रामलिंग सकाळी जीप घेऊन जायचा तो जेवायलाच परत यायचा, आणि नवरा अण्णाराव दिवसातून चारदा दारातून डोकावून विचारायचे, "हायस का मेलीस?"

तुळजाबाई आतून म्हणायच्या, "हाय."

एवढं झालं की दोघांचंही समाधान व्हायचं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात याहून जास्त बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती.

सगळा बिघाड तनुजानं केला. तनुजा ही व्यायाम करून घेणारी मुलगी, आठवड्यातून दोनदा लातूरहून यायची. तिनं तुळजाबाईंपुढे वॉकर ठेवला. तुळजाबाई उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि "आई गं" म्हणून पलंगावर बसल्या त्या बसल्याच. तेव्हा तनुजानं घरच्यांना ओसरीत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हाड छान जुळतंय. पायात ताकद आहे, पण आजींच्या मनात भीती बसलीय. महिन्याभरात चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. तुम्ही त्यांच्याशी प्रेमानं बोला. रोज काहीतरी चांगलं बोला, म्हणजे त्यांना हुरूप येईल."

"चांगलं म्हंजी काय?" अण्णारावांनी विचारलं.

"म्हणजे त्यांचं तुम्हाला जे आवडतं, ते सांगायचं."

अण्णाराव विचारात पडले. तनुजाचा चहा पिऊन झाला, ती जीपमध्ये बसून गेली, तरी ते विचारातच होते. आत पडलेल्या तुळजाबाईंच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नव्हतं, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाराव दारातून डोकावले नाहीत. आत आले. टोपी काढून हातात धरली आणि पलंगाजवळ उभे राहिले.

"तुझा हात लई चांगला हाय," ते म्हणाले.

"कोनता?"

"हात म्हंजी चव. हाताला चव हाय तुझ्या. आंबाडीच्या भाजीला."

एवढं बोलून ते पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे बाहेर पडले. तुळजाबाई दाराकडे बघत राहिल्या. भाजी चांगली झाली तर मुकाट्यानं खायची आणि बिघडली तरच तोंड उघडायचं, हा या घरचा कायदा. तो एका सकाळी मोडायचं कारण काय?

दुपारी महानंदानं ताट आणलं. आणलं ते आणलं, वर आवाज न करता खाली ठेवलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी हाव म्हनून या घराला घरपन हाय." संध्याकाळी रामलिंगानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. एरवी दिवाळीच्या पाडव्याला आठवण करून दिली तरच ठेवायचा. "माय, तू आमच्यासाठी लई सोसलीस," म्हणाला आणि नाक ओढत निघून गेला.

तुळजाबाई काही खुळ्या नव्हत्या. त्या पडल्या पडल्या विचार करू लागल्या. या घरात आजवर कुणाशी गोड बोललं गेलं? सासूबाई अखेरच्या आठ दिवसांत होत्या तेव्हा तुळजाबाईच त्यांना म्हणाल्या होत्या, "तुमच्यावानी सासू मिळाया नशीब लागतंय." आयुष्यात एवढं धडधडीत खोटं त्या पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या. मग अंजूचं लग्न. मुखेडला द्यायच्या आदल्या दिवशी अण्णाराव पोरीला "बाळ" म्हणाले, आणि पोरगी एवढी दचकली की हातातली परात पडली. आणि तिसरा तो तांबडा बैल. त्याला उदगीरच्या बाजारात न्यायचं होतं त्या सकाळी अण्णारावांनी त्याच्या मानेवरून हात फिरवत त्याला गूळ चारला होता.

म्हणजे ज्याला जायचं असतं त्याच्याशीच हे लोक गोड बोलतात. तुळजाबाईंचं लग्न आता होणार नव्हतं आणि त्यांना कुणी बाजारातही नेणार नव्हतं. उरलं ते एकच.

आता त्यांना सगळं आठवायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरनं हाडाचा फोटो दाखवायला रामलिंगाला बाहेर का नेलं? आपल्याला का नाही दाखवला? मला सांगायचा धीर कुणाला होत नाही, त्यांनी ओळखलं. आणि ओळखल्यावर आधी रडू आलं, मग एक विलक्षण आराम वाटला. मरायचंच आहे तर चालायचं कशाला? त्यांनी वॉकर भिंतीकडे सरकवायला लावला.

तनुजा आली तेव्हा त्या म्हणाल्या, "नको माय, आता नको." तनुजानं ओसरीत येऊन घरच्यांना सांगितलं, "आजी मागे पडल्यात. आणखी प्रेमानं बोला." मग काय, घरच्यांनी जोर वाढवला. अण्णाराव सकाळ-संध्याकाळ यायला लागले. चौथ्या दिवशी त्यांच्याजवळचं संपलं. मग ते स्वयंपाकघरात जाऊन महानंदाला विचारायचे, "आज काय म्हनू?" आणि ती सांगेल ते पुटपुटत आत यायचे. एकदा त्यांनी तुळजाबाईंच्या धुण्याचं कौतुक केलं. एकदा म्हणाले, "तरनी हुतीस तवा तुझी चाल लई झोकात हुती." तुळजाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चालीबद्दल आता सगळे 'हुती' असंच बोलणार.

आणि एक दिवस, तुळजाबाईंनी अंथरूण धरलं असं ऐकून, शेजारची भामाबाई आली. ही भामाबाई नऊ वर्षं तुळजाबाईंशी बोलत नव्हती. तिच्या शेळीनं तुळजाबाईंची वाळत घातलेली कुरडई खाल्ली होती आणि तुळजाबाईंनी शेळीबरोबर भामाबाईचाही उद्धार केला होता. ती आता पलंगावर येऊन बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुळजे, तुझ्यावानी बाई साऱ्या गावात न्हाई."

आता शंकेला जागा राहिली नाही. उलट तुळजाबाईंना वाटलं, अगदीच थोडे दिवस राहिलेत.

पण एक सांगायला हवं. दुपारी घर शांत झालं की त्या एकेक वाक्य काढून आठवत बसायच्या. हाताला चव. घराला घरपण. झोकात चाल. मरण्याचं दुःख होतंच, पण ही वाक्यं त्याच्या शेजारी बसून राहायची आणि बरं वाटायचं. जाता जाता का होईना, म्हणाले तरी. कितीतरी बाया एवढंही न ऐकता जातात.

मग त्यांना वाटलं, आपणही मनात काही ठेवून जाऊ नये. त्यांनी महानंदाला हाक मारली. "इकडं बस. सांगते ते ऐक. पुरनाची पोळी तुझीच चांगली. माझ्याहून. पहिल्या वर्सापासून."

महानंदा सोळा वर्षं या वाक्याची वाट बघत होती. हे ऐकल्यावर मान कशी ताठ करायची, कुणाकुणाला सांगायचं, सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण प्रत्यक्षात ती होती तिथंच फरशीवर बसली आणि तिनं मोठ्यानं गळा काढला. सासू हे बोलली म्हणजे सगळं संपलं! तिनं मुखेडला नणंदेला फोन लावला.

"अंजूताई, आत्याबाई माझ्या पोळीला चांगलं म्हनल्या."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अंजू म्हणाली, "निघाले मी."

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत घर भरलं. अंजू एसटीतून उतरल्यापासून रडत आली होती. रामलिंगानं जीप काढली नव्हती. भामाबाई ओसरीत पदर तोंडाला लावून बसली होती. तनुजाचा नेमका त्या दिवशी यायचा वार. दारातला चपलांचा ढीग बघून तिनं पिशवी तिथंच टाकली. ती धावत आत गेली, नाडी बघितली, पाय वाकवून बघितला, खुबा दाबून बघितला.

"काय होतंय आजी?"

"आता काय व्हायचं माय," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. "किती दिस ऱ्हायलेत तेवढं सांग. डाक्टरनं तुला सांगितलं आसंल."

"कसले दिवस? तुम्ही तर ठणठणीत आहात. कोण म्हणालं तुम्हाला असं?"

"म्हनायला कशाला पायजे? महिना व्हत आला, सगळीच गोड बोलायलेत."

तनुजानं कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "अहो आजी, ते तर मीच सांगितलं होतं त्यांना! तुम्हाला हुरूप यावा म्हणून."

 अंजूचं रडं अर्ध्यावर थांबलं. नऊ वर्षांचं भांडण आपण फुकट मिटवलं, हे भामाबाईच्या ध्यानात आलं आणि ती चुटपुटत उठून घरी गेली. महानंदानं डोळे पुसले आणि ती ताडकन म्हणाली, "पोळीचं म्हनलात ते म्हनलात आत्याबाई. ते आता माघारी घ्यायचं न्हाई."

अण्णाराव तनुजावर उखडले. "बास झालं मॅडम तुमचं. चांगलं बोलून मारीत हुतो की आमी हिला!" मग घरच्यांकडे वळून त्यांनी हुकूम सोडला, "आजपासनं हिच्याशी कुनी गोड बोलायचं न्हाई. भेती ती."

तुळजाबाई ऐकत होत्या. आपण मरणार नाही, हे कळल्यावर माणसाला आनंद व्हावा. झालाही. पण त्याच्या मागोमाग असा संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे ती आंबाडीची भाजी, ते घरपण, ती चाल, हे सगळं औषधासारखं पाजलं होतं का? दिवसातून दोनदा, जेवल्यावर? मरण खोटं निघालं ते बरंच झालं, पण बोलणंही त्याच्याबरोबर खोटं निघावं, हे त्यांना सोसेना.

"तो वॉकर आना हिकडं," त्या ओरडल्या.

कुणी हलायच्या आत तनुजानं आणला. तुळजाबाई उठल्या. पाय थरथरत होता, दुखतही होता, पण रागापुढे त्याचं काही चाललं नाही. एक पाऊल, दुसरं, तिसरं. उंबरा आला, तो ओलांडला. ओसरीतली माणसं बाजूला झाली. अंजू न राहवून म्हणाली, "माय, किती छान—" आणि अण्णारावांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं तोंडावर हात ठेवला. तुळजाबाई ओसरीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदाच त्या आपल्या पायांनी एवढ्या चालल्या होत्या. तनुजानं टाळी वाजवायला हात उचलले होते, तेही तिनं खाली घेतले.

कुणीच काही बोललं नाही.

तुळजाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते.

"तोंडं शिवलीत का सगळ्यांची?"

"तूच भेतीस," अण्णाराव म्हणाले.

"आता न्हाई भेत. बोला काईतरी."

"काय बोलू?" अण्णारावांनी सवयीनं महानंदाकडे बघितलं.

"तिच्याकडं बघू नका. मॅडमकडं बी बघू नका. तुमचं तुमी बोला."

अण्णारावांनी टोपी काढली. पुन्हा घातली. खाकरले. कपाळाला घाम आला. चार माणसांत, दिवसाढवळ्या, स्वतःच्या बायकोपुढे उभं राहून बोलायचं, हे त्यांच्या बापजाद्यांत कुणी केलं नव्हतं.

"तुला लातूरला न्हेली त्या दिवशी," ते शेवटी म्हणाले, "मी येकटाच हुतो घरात. च्याचा डबा कुठं हाय ते मला ठावं न्हाई. हुडकला न्हाई. तसाच बसलो." ते थांबले. "घर लई मोठं वाटलं."

तुळजाबाईंनी वॉकर घट्ट धरला. पाय आता फार दुखत होता, पण त्या खाली बसल्या नाहीत.

"पुन्यांदा म्हना," त्या म्हणाल्या. "मरत न्हाई मी."