कॅलिपरवरचं नाव

जावईबापूंनी गाडी घेतली तेव्हा सासरेबुवांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि "छान आहे" एवढंच म्हणाले. ज्या माणसानं उभं आयुष्य बस डेपोत ब्रेक तपासण्यात घालवलं, त्याच्या तोंडून नुसतं "छान आहे" आलं म्हणजे काय समजायचं, हे डेपोतल्या कुठल्याही हेल्परला कळलं असतं. जावईबापूंना कळलं नाही. ते खूश झाले.

दोनच माणसांची, रस्त्याला पोट घासत चालणारी, कुणीतरी वापरून टाकलेली स्पोर्ट्स कार. 'टाकलेली' हा सासरेबुवांचा शब्द. मग दर रविवारी तिचा साजशृंगार सुरू झाला. आधी बॉनेटवर हवा जायला म्हणून जाळ्या चिकटवल्या, त्यातून हवा सोडा, मुंगीसुद्धा जात नव्हती. मग मागे पंख आला.

"हा कशाला?" सासरेबुवांनी विचारलं.

"जोरात असताना गाडी रस्त्याला धरून राहते, बाबा."

ही गाडी घरापासून ऑफिसपर्यंत दर सिग्नलला थांबत जायची. सासरेबुवा आत गेले आणि एकटेच हसत बसले.

हसू यायचं, पण पोटात जळायचंही. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले होते. लग्नाआधी त्यांनी मुलीला तोंडावर सांगितलं होतं, की पोरगा दिसायला बरा आहे, पण वरचा मजला रिकामा आहे. मुलीनं ऐकलं नाही. ऐकलं नाही ते नाहीच, वर सुखात राहिली. रोज संध्याकाळी दोघं गाडीभोवती काय फिरायची, काय खिदळायची. तिनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, "बाबा, तुमचं बरोबर होतं," एवढीच इच्छा आता त्यांना उरली होती. त्यासाठी ते टपून बसले होते म्हणा ना.

त्या रविवारी कॅलिपरची पाळी आली. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतल्या डिस्कला दोन्हीकडून आवळून गाडी थांबवणारा लोखंडी ठोकळा. सगळ्या गाडीचा जीव त्याच्या हातात. आणि जावईबापू त्याला लाल रंग देणार होते, का तर चाकाच्या आऱ्यांतून तो दिसतो म्हणून.

"लोक काय वाकून बघणार आहेत?"

"बघतात, बाबा. शौकीन लोक आधी तेच बघतात."

शौकीन लोक! सासरेबुवांनी चहाचा कप घेतला आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

जागच्या जागी कागद लावून रंगवता आलं असतं. पण नाही, जावईबापूंना काम 'व्यवस्थित' करायचं होतं. पुढचे दोन्ही कॅलिपर त्यांनी नळीसकट सोडवले, वर्तमानपत्रावर मांडले, जुन्या टूथब्रशनं घासले, उष्णता सोसणारा रंग हातावर हात देत चढवला. तो वाळल्यावर बारीक ब्रशनं, जीभ बाहेर काढून, पांढऱ्या अक्षरांत बायकोचं लाडाचं नाव लिहिलं. ते नाव सासरेबुवांनीच ठेवलेलं, मुलगी रांगत होती तेव्हा. ते आता ब्रेकवर आलं होतं.

कॅलिपर जागेवर धरून बघितला, तर नाव उलटं. दुसरा धरला, तोही उलटा. जावईबापू उकिडवे बसून मान वाकडी करत बराच वेळ बघत राहिले. मग चेहरा खुलला. डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. नाव सरळ झालं.

सासरेबुवांचा कप हवेतच राहिला. नळी सोडवली की ब्रेकच्या तेलात हवा शिरते; ती काढायला कॅलिपरला निपल असते, ती वर लागते, कारण तेलातली हवा वर चढते. डाव्याचा उजवा केला की निपल जाते खाली. मग जन्मभर तेल काढत बसा, हवा आतच. पेडल दाबलं की ती हवाच दबते, गाडी कशाची थांबतेय! असली चूक नुसत्या मूर्खाच्या हातून होत नाही, तिला हौशी मूर्ख लागतो.

ते बोलणारच होते. तेवढ्यात जावईबापूंनी हाक मारली.

"बाबा, एअर काढायचीय. जरा पेडल दाबता का?"

सासरेबुवा वाकत वाकत गाडीच्या त्या खोपटात शिरले. पेडल दाबलं, सोडलं, दाबलं. खाली जावईबापू निपल उघडत होते, बंद करत होते. पेडल मऊच राहिलं, लोण्यात पाय घातल्यासारखं.

"झालं का कडक?"

सासरेबुवांनी क्षणभर विचार केला. जावई आधी अंगणातच गाडी पुढे-मागे करून बघणार. गाडी थांबणार नाही, समोरच्या दोन कुंड्या फुटतील, बंपर चेपेल, मुलगी दारात उभी राहून बघेल. तेवढं पुरे होतं.

"झालं," ते म्हणाले.

चाकं चढली. मुलगी बाहेर आली, खाली वाकून आपलं नाव बघितलं आणि चक्क लाजली. जावईबापूंनी किल्ली तिच्या हातात दिली. "पहिली चक्कर तुझी."

सासरेबुवांनी तोंड उघडेपर्यंत तिनं रिव्हर्स टाकला होता. फाटकाबाहेर उतार होता आणि उताराखाली ट्रकचा रस्ता. ते चप्पल टाकून धावले.

"हँडब्रेक ओढ! पेडलला ब्रेक नाहीये, हँडब्रेक ओढ!"

तिनं ओढला. गाडी अर्धी फाटकाबाहेर जाऊन कचकन थांबली. मुलीनं पेडल दाबून बघितलं. ते तळाला जाऊन टेकलं.

"कॅलिपर उलटसुलट लावलेत यांनी," सासरेबुवा धापा टाकत म्हणाले. "नाव सरळ दिसावं म्हणून. हवा निघालीच नाही त्यातली." एवढं बोलून ते तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी गाढव आहे," ते म्हणाले. "बाबा होते म्हणून वाचलो गं."

"एअर काढताना पेडल कुणी दाबलं?" मुलीनं विचारलं.

"बाबांनीच."

जावईबापूंना अजूनही काही कळलं नव्हतं. मुलीला कळलं. तिनं बापाकडे बघितलं. ती नजर सासरेबुवांना चांगली ओळखीची होती, दर रविवारी व्हरांड्यात बसून ते तशाच नजरेनं बघायचे.

ती गाडीतून उतरली. "चाकं काढ परत," नवऱ्याला म्हणाली. "नाव राहू दे उलटं. या वेळी पेडल मी दाबते."

आणि मग, त्यांच्याकडे न बघता, "बाबा, तुम्ही आत जाऊन बसा."