दोन जीबीचं कार्ड

"भीमराजभाऊ, दोन जीबीचं कार्ड आता कुठीच भेटत नाही. एकशेअठ्ठावीसचं घेऊन जा ना!" शादाबनं काउंटरवर चकचकीत पाकीट सरकवलं.

"मोठं नाही पाहिजे बाबा मले, लहानच पाहिजे. माहा कॅमेरा मोठं घेतच नाही."

"मंग कॅमेराच बदला."

भीमराजचं डोकं सणकलं. सकाळपासून यवतमाळातलं हे चौथं दुकान. एकानं मोबाइलचं कार्ड दाखवलं, दुसऱ्यानं पेन ड्राइव्ह, आणि तिसरा तर कॅमेरा हातात घेऊन हसतच सुटला. सोळा वर्षं बाभुळगावची लग्नं-बारशी याच कॅमेऱ्यानं टिपली, त्यात हसण्यासारखं काय होतं?

"नाही तर जुनं पुसा अन् त्याच्यावरच काढा. सारे तेच करतात."

हे ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गावात कोणी गेलं की घरचे तेरवीच्या आत त्याच्याच दारात: "भाऊ, बुढ्याचा फोटो सापडते काय कुठी?" मग डब्यातली कार्डं काढायची, एकेक लग्न धुंडाळायचं, पंगतीत मागे बसलेला म्हातारा हुडकायचा आणि तेवढाच चेहरा मोठा करून फ्रेमला द्यायचा. एकदा कॉम्प्युटरवर भरवसा ठेवला, तर तो बंद पडला आणि तीन वर्षांची माणसं गेली. तेव्हापासून भरलेलं कार्ड थेट डब्यात. पुसायचं नाव नाही.

तो रिकाम्या हातानं परतला. शेजारची रुक्माबाई सकाळपासून आपल्या ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. ठेवणीतलं लुगडं, चापूनचोपून विंचरलेले केस. तिच्या नवऱ्याचा चेहरा एकाही कार्डात सापडला नव्हता. तेरवीला भिंतीवर नुसता हार टांगला होता. आपलं तसं होऊ नये म्हणून म्हातारी जिवंतपणीच फोटो काढून घेत होती.

"किती उशीर रे भीमराज! अन् मोबाइलात नको काढू, त्याच्यात मी भुतावानी दिसतो."

कॅमेऱ्यातलं कार्ड भरलेलंच होतं. एका फोटोपुरती जागा हवी होती. सारखे आलेले फोटो त्यानं कधीच काढून टाकले होते. उरलेल्या प्रत्येकात कोपऱ्यात कोणी ना कोणी म्हातारं होतंच. चरफडत एकेक फोटो मागे सरकवत तो पहिल्या फोटोवर थांबला.

दोन वर्षांपूर्वी हे कार्ड घातलं तेव्हा "दाबून पाह्य" म्हणून त्यानं कॅमेरा बायकोच्या, बेबीच्या हातात दिला होता. फोटोत तो एकटाच, अर्धं डोकं कापलेलं, आणि वरच्या कोपऱ्यात बेबीचं बोट. पुढच्या पोळ्याआधीच ती गेली. त्याचा स्वतःचा दुसरा फोटो नव्हता.

"काढतं का मी जाऊ आत?" रुक्माबाई खेकसली.

त्यानं बटण दाबलं.

"काय करून राह्यला इतका वेळ?"

"काही नाही मावशी. एक हललेला होता, तो पुसला." त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. "मान जराशी वर करा. हं."