वाघरीतली बदकं

“ह्याच्याबिगर कोण उतरतं ह्या पाण्यात? ह्यानंच औषध कालवलंय!” गावातल्या बड्या बागायतदार दादासाहेबांनी काठावरूनच चाँदभाईकडं बोट केलं.

होळी नुकतीच झाली होती. वरकुट्याच्या तळ्यात बदकं मरून तरंगत होती. जिवंत होती त्यांच्या माना लुळ्या पडलेल्या, चोची पाण्यात बुडायच्या. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा चाँदभाई एवढंच म्हणाला, “ज्या पाण्यावर प्वाट भरतं, त्यात इख कसं घालीन, दादासाहेब?”

त्या दिवसापासून त्याचे मासे कुणी घेईना.

गावातल्या म्हाताऱ्या कुशाबाईच्या जिवाला ते फार लागलं. तरुणपणी तिच्या घरची मेंढरं दिवाळीनंतर कोकणच्या वाटेला लागायची, आणि त्याआधी बिऱ्हाड याच काठावर पडायचं. काय पाणी होतं तेव्हा! गुडघाभर आत गेलं तरी पायाची नखं दिसायची. बदकं उतरली की पाणी झाकून जायचं, आणि मेंढरं प्यायला आली की सगळा थवा एकदम उठायचा, वाऱ्यानं झाड हलावं तसा. तिची छकुली याच काठावर जन्मली. त्या पहाटे चाँदभाईची आई डोक्यावर ऊन पाण्याचा हंडा घेऊन आली होती, आणि तिच्या पदराला धरून आलेला लहानगा चाँद बाळाकडं डोळे वासून बघत होता. तेव्हापासून तो कुशाबाईला आक्का म्हणायचा.

पुढं मेंढरं विकली, शेती आली, म्हशी आल्या. गावाची गटारं तळ्याकडं कधी वळली, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

बारामतीचे जनावरांचे डॉक्टर मेलेली बदकं तपासायला घेऊन गेले होते. आठवड्यानं परत आले आणि देवळापुढं म्हणाले, “कुणी विष घातलेलं नाही. पाऊस कमी, पाणी आटलं, त्यात गावाची घाण. चिखलात जंतू माजलेत. मेलेल्या पाखरात अळ्या पडतात, त्या खाऊन दुसरं पाखरू लुळं पडतं. हाताला पिशव्या बांधा, मेलेली उचला, जाळून टाका. नाहीतर एकही उरणार नाही.”

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मेलेलं पाखरू कोण उचलणार?

कुशाबाई उठली. “चल रं चाँद.”

“आक्का, गावानं मला वाळीत टाकलंय.”

“गावाचं ऱ्हाऊ दे. पाखरांनी न्हाय टाकलं.”

चाँदभाई ट्यूबवरून मेलेली बदकं काठाला आणायचा, कुशाबाई पाटीत भरायची. जी धुगधुगत होती त्यांच्यासाठी तिनं माळ्यावरून वाघर काढली, मेंढरं कोंडायची जुनी जाळी. बाभळीच्या सावलीत ती लावली, आत विहिरीचं पाणी ठेवलं. एकेकाची मान हातावर तोलून ती चोचीत थेंब थेंब सोडायची. “पी बाई, पी,” म्हणायची, लेकराला म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब मेलेली बदकं जाळायला सरपण भरलेला ट्रॅक्टर घेऊन आले. चाँदभाईकडं त्यांनी बघितलं नाही. पण स्वतःच्या विहिरीची मोटार चालू करून पाणी तळ्याकडं सोडलं, आणि गटाराचं तोंड बुजवायला माणसं लावली.

बरीच बदकं मेली. काहींनी मात्र माना उचलल्या. एका सकाळी वाघर सोडली, तर ती डुलत डुलत पाण्यात शिरली आणि ऊन चढायच्या आत उडून गेली.

“माफी मागितली का रं कुणी?” कुशाबाईनं विचारलं.

“न्हाय. आता मासं मागत्यात.” चाँदभाई हसला. “पर जाळं टाकावंसं वाटंना, आक्का.”

पावसाळा सरायच्या आत तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला.

पुढच्या हिवाळ्यात सुट्टीला आला, तेव्हा कुशाबाई त्याला तळ्यावर घेऊन गेली. पलीकडच्या कडेला मोजकीच बदकं उतरली होती. चाँदभाईनं खाली बसून कारखान्याचे काळे बूट काढले, मोजे नीट घडी करून त्यात ठेवले, खाकी पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभा राहिला.

“गार हाय का?” तिनं विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला, पण मागं वळला नाही. कुशाबाईही मग दुसरीकडं बघत बसली.