भिंतीपलीकडचा चहा

साहेबरावांच्या कुरुळीच्या कारखान्यात त्या दिवशी सगळ्यात जास्त राबत होती ती कोपऱ्यातली, लोखंडी पत्रे दाबायची जुनी प्रेस. निम्मी पाळी तिच्याभोवती गोळा झाली होती. अडचण एवढीच, की ती प्रेस महिनाभर बंद होती.

निदान योगिनीच्या मोबाइलवर तरी तसं दिसत होतं. रावेतच्या या पोरीनं ॲप बनवलं होतं: माणूस उघड्यावर असला की त्याचा ठावठिकाणा उपग्रहाकडून घ्यायचा, शेडमध्ये शिरला की भिंतीवरच्या छोट्या ब्लूटूथ डब्यांकडून. आज साहेबरावांना पसंत पडलं तर करारावर सही, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात.

ती प्रेसपाशी गेली. चिटपाखरू नव्हतं. भिंतीच्या फायबर पत्र्यापलीकडून मात्र आल्याचा वास आणि हसणं येत होतं.

फाटकातून वळसा घातला, तर पत्र्याला टेकून तानुबाईची चहाची टपरी, आणि तिथं निम्मी पाळी! टपरीच्या छपराखाली उपग्रहाचा सिग्नल नुसता पुटपुटत होता, पत्र्याआडून प्रेसजवळचा डबा ओरडत होता. ॲपनं ओरडणाऱ्याचं ऐकलं होतं.

घोळक्यात खुद्द साहेबराव. इतक्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्या पत्नी जाईबाई होत्या; केबिनमध्ये बसून हिशेब आणि नवऱ्याची रक्तातली साखर, दोन्हींवर नजर ठेवणाऱ्या. आज त्यांच्यासमोर योगिनीचं ॲपही उघडं होतं.

“प्रेसपाशी दिसताय. मला वाटलं, चहाला पळालात.”

“छे गं! प्रेसच बघतोय.”

“व्हय, प्रेसच बघत्यात,” तानुबाई पदराआडून म्हणाली.

फोन ठेवून साहेबराव खुशीत म्हणाले, “पोरी, ॲप झकास! आण कागद.”

सही हाताच्या अंतरावर होती. तरी योगिनी म्हणाली, “सर, ते चुकतंय. उद्या शेडमध्ये आग लागली, तर या सगळ्यांना आत शोधायचं का?”

साहेबरावांनी हातातल्या चहाकडे पाहिलं. “बरं, कर दुरुस्त. पण सावकाश. एवढा ग्लास संपू दे.”

तिनं बाकावर बसूनच लॅपटॉप उघडला आणि एक अट वाढवली: दारावरचा डबा ओलांडल्याशिवाय माणूस आत धरायचा नाही. बटण दाबलं. नकाशावरचे माणसांचे सगळे ठिपके टुणकन शेडबाहेर.

फोन वाजला.

“अहो, आत्ता तर आत होतात. भिंतीतून बाहेर कसे आलात?”

साहेबरावांनी ग्लास पाठीमागे लपवला.

“साखर किती?”

“एकच चमचा.”

“दोन!” तानुबाईनं मोठ्यानं सांगितलं.

फोनमधून जाईबाईंचा हुकूम आला. “त्या पोरीला केबिनमध्ये पाठवा. सही मी करते. आणि तुम्ही पण या. दारातून.”